तट आणि वस्ती
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने एखाद्या संतकवीवर अथवा कादंबरीकारावर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. 'इटलीतील एक तटबंदीचे गाव' हा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, आणि ते गाव मी प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही. मात्र पुस्तकांतून आणि नकाशांतून त्याचा परिचय करून घेताना मला वारंवार असे वाटत आले आहे की, एखादी संस्था उभी करणे आणि ती नांदती ठेवणे यांतला फरक समजून घ्यायचा असेल, तर या गावाची कहाणी ऐकण्याजोगी आहे. शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या वाचनालयात ती सांगितली तर अप्रस्तुत होणार नाही, अशा विश्वासाने मी आपल्यापुढे उभा आहे.

या गावाचे नाव पाल्मानोवा. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, आल्प्स पर्वत आणि एड्रियाटिक समुद्र यांच्यामध्ये फ्रिऊली नावाचा प्रदेश आहे. त्या प्रदेशाच्या सपाट मैदानात, उदिने या शहराच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर हे गाव वसलेले आहे. लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. परंतु याचे आकाशातून घेतलेले छायाचित्र एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. हिरव्या शेतांच्या मधोमध कोणी कंपासाने आणि पट्टीने आखून ठेवावी अशी नऊ टोकांची चांदणी दिसते. चांदणीच्या मध्यभागी षट्कोनी चौक. चौकातून सहा रस्ते सरळ रेषेत बाहेर पडतात. त्यांतील तीन रस्ते गावाच्या तीन दरवाजांपाशी पोचतात, उरलेले तीन तटाच्या दिशेने जाऊन थांबतात. या सरळ रस्त्यांना छेदणारे आडवे रस्ते चौकाभोवती कड्यांसारखे फिरतात. आपली गावे नदीकाठाने, देवळाभोवती, बाजाराच्या वाटेने वाढत जातात. हे गाव वाढलेले नाही. ते आखलेले आहे.

ते असे का आखले गेले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १४९४ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीवर चालून आला, तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर ओतीव धातूच्या, सहज हलवता येणाऱ्या तोफा होत्या. मध्ययुगातील उंच, सडपातळ तट शिड्या लावून चढणाऱ्या शत्रूसाठी बांधलेले होते. तोफेच्या गोळ्यापुढे त्यांची उंचीच त्यांची वैरी ठरली. जितकी भिंत उंच, तितके लक्ष्य सोपे. तेव्हा इटलीतील स्थापत्यज्ञांनी किल्ल्याचा विचार मुळापासून नव्याने केला. तट बुटका झाला, रुंद झाला, त्याच्या पोटात मातीचा भराव आला. समोर रुंद खंदक आला. गोल बुरुजाच्या पायथ्याशी बंदुकीच्या माऱ्यापासून सुटणारा एक आडोसा राहतो. म्हणून बुरूज टोकदार, बाणाच्या अग्रासारखे झाले. प्रत्येक बुरुजावरून शेजारच्या दोन्ही बुरुजांच्या अंगावर मारा करता यावा, शत्रूला उभे राहण्यापुरतीही जागा सुरक्षित राहू नये, हे त्यामागचे गणित. चांदणीचा तो आकार आपल्या डोळ्यांना शोभिवंत वाटतो खरा. पण तो शोभेसाठी नाही. तोफेचा पल्ला आणि नेमबाजाची दृष्टिरेषा यांनी तो ठरवला आहे.

ही विद्या केवळ युरोपात राहिली नाही, आणि आपल्या गोमंतकाशी तिचा संबंध फार जवळचा आहे. जोव्हान्नी बातिस्ता कैराती नावाचा मिलानचा एक स्थापत्यज्ञ सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील मुलखाचा मुख्य दुर्गरचनाकार म्हणून गोव्यात आला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप त्या काळी पोर्तुगालचाही राजा होता, आणि मिलानही त्याच्याच अमलाखाली होते; म्हणून हे शक्य झाले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासा येथील सुप्रसिद्ध फोर्ट जीझसचा आराखडा त्याचा. वसई आणि दमण येथील तटबंदीशीही त्याचे नाव निगडित आहे. १५९६ साली गोव्यातच त्याचा अंत झाला. मोंबासाच्या किल्ल्याचे काम १५९३ साली सुरू झाले, आणि पाल्मानोवाची पायाभरणीही १५९३ सालचीच. एकाच वर्षी, एकाच विद्येच्या बळावर, दोन खंडांत दोन किल्ले उभे राहू लागले. वसईचे ते कोनदार बुरूज पुढे १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून फोडले, हे मराठी श्रोत्यांना मी सांगण्याची गरज नाही. गणित कितीही अचूक असले, तरी ते मांडणाऱ्याला न सुचलेली वाट कोणीतरी शोधून काढतोच.

आता मूळ विषयाकडे येतो. पाल्मानोवा वसवले व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने. व्हेनिस हे समुद्रावर जगणारे राज्य. मसाले, रेशीम, मीठ आणि काच यांच्या व्यापारावर ते गबर झाले होते. त्याच्या वैभवाचा कणा म्हणजे भूमध्य समुद्रातील ठाणी, आणि तीच ठाणी ऑटोमन तुर्क एकेक करून घेत चालले होते. सायप्रसमधील निकोसिया १५७० च्या सप्टेंबरात पडले. फामागुस्ता १५७१ च्या ऑगस्टमध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ७ ऑक्टोबर १५७१ रोजी, लेपांतोच्या आरमारी लढाईत ख्रिस्ती राष्ट्रांच्या संयुक्त नौदलाने तुर्कांचा मोठा पराभव केला. व्हेनिसमध्ये दिवाळी झाली. मात्र १५७३ साली तह झाला तेव्हा सायप्रस तुर्कांकडेच राहिले. विजयाचा उत्सव आणि मुलखाची हानी अशा दुहेरी स्मृतीत या गावाची बीजे आहेत.

फ्रिऊलीच्या मैदानाला तर तुर्कांची ओळख त्याआधीच झाली होती. १४७० नंतरच्या दशकात त्यांचे घोडदळ पूर्वेकडून वारंवार या प्रदेशात घुसले आणि खेडी जाळून गेले. १४९९ साली पुन्हा मोठी धाड आली. त्यांना अडवण्यासाठी व्हेनिसने इसोंझो नदीच्या काठी ग्रादिस्का हा किल्ला बांधला होता. तो १५११ साली ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याने जिंकून घेतला. म्हणजे तुर्कांविरुद्ध बांधलेला किल्ला ख्रिस्ती शेजाऱ्याच्या हाती गेला आणि पूर्व सीमेचे दार उघडे पडले. पाल्मानोवा बांधताना व्हेनिसने नाव तुर्कांचे घेतले. धास्ती मात्र ऑस्ट्रियाचीही तितकीच होती. राजकारणात ज्या शत्रूचे नाव घेणे सोयीचे असते त्याचे घेतात, आणि ज्याचे गैरसोयीचे असते त्याच्या दिशेने तोफा वळवून ठेवतात.

पायाभरणीसाठी दिवस निवडला तो ७ ऑक्टोबर १५९३. लेपांतोच्या विजयाचा बाविसावा वाढदिवस आणि संत जुस्तिना हिच्या सणाचा दिवस. नाव ठेवले पाल्मा. पाल्मा म्हणजे ताड, आणि ताडाची झावळी हे ख्रिस्ती परंपरेत विजयाचे आणि हौतात्म्याचे चिन्ह.

या कामामागे जी माणसे होती त्यांतील दोघांविषयी सांगितलेच पाहिजे. पहिला जूलिओ सावोर्न्यान. हा फ्रिऊलीतलाच उमराव, जन्म १५१० चा. निकोसियाचा अकरा बुरुजांचा तट त्यानेच आखला होता. तो पुरा होण्याच्या आतच तुर्क आले आणि शहर पडले. पाल्मानोवाची पायाभरणी झाली तेव्हा त्याचे वय त्र्याऐंशी होते. दुसरा मार्कांतोनिओ बार्बारो. सायप्रसचे युद्ध पेटले तेव्हा हा व्हेनिसचा वकील म्हणून इस्तंबूलमध्ये होता. तिथेच तो नजरकैदेत राहिला, आणि तिथूनच त्याने १५७३ च्या तहाची बोलणी केली. नव्या किल्ल्याचा पहिला मुख्याधिकारी म्हणून सिनेटने त्याला पाठवले, तेव्हा तोही पंचाहत्तरीत होता. एकाने आपला तट पडलेला पाहिला होता, दुसऱ्याने शत्रूच्या राजधानीत बसून पराभवाची किंमत ठरवली होती. या दोन वृद्धांनी मैदानात उभे राहून पुढच्या शतकांचा किल्ला आखला, आणि दोघेही १५९५ साली, म्हणजे दोनच वर्षांत निवर्तले. त्यांच्या चांदणीची टोके तेव्हा मातीचीच होती. दगड त्यांवर मागाहून चढला.

मार्कांतोनिओचा थोरला भाऊ दानिएले बार्बारो हा विद्वान होता. प्राचीन रोमन स्थापत्यज्ञ विट्रुव्हियस याच्या ग्रंथाचे सटीक इटालियन भाषांतर त्याने १५५६ साली प्रसिद्ध केले. आदर्श नगर कसे असावे, हा त्या काळच्या विद्वानांचा आवडता प्रश्न होता. त्याच्या शतकभर आधी फिलारेते नावाच्या शिल्पज्ञाने 'स्फोर्झिंदा' नावाचे एक काल्पनिक नगर ग्रंथात रेखाटले होते. तेही चांदणीच्याच आकाराचे, आठ टोकांचे. ते कोणी कधी बांधले नाही. पाल्मानोवात मात्र ग्रंथातील कल्पनेला जमीन मिळाली. वाचनालयाच्या व्यासपीठावरून बोलताना मला म्हणावेसे वाटते की, या गावाचा जन्म ग्रंथसंग्रहात झाला. त्याच्या बांधकामाला चार-पाच वर्षे होतात न होतात तोच, १५९८ साली, कोलोन येथे ब्राउन आणि होगेनबर्ग यांनी काढलेल्या जगातील नगरांच्या चित्रसंग्रहात त्याचा नकाशा छापला गेला. घरे उभी राहण्याआधी त्याची कीर्ती उभी राहिली.

आणि इथेच या गावाच्या खऱ्या कहाणीला आरंभ होतो. तट उभे राहिले, खंदक खोदले गेले, दरवाजे बसले, पाणी आणण्यासाठी कालवा काढला गेला. घरांसाठी भूखंड आखून ठेवले गेले. पण राहायला कोणी येईना.

या गोष्टीवर थोडे थांबले पाहिजे. व्हेनिसच्या सिनेटला वाटले होते की, असे सुरक्षित, सुबक, सर्व सोयींनी युक्त नगर बांधले की व्यापारी, कारागीर, शेतकरी आपण होऊन येतील. परंतु व्यापाऱ्याला बंदर हवे असते किंवा वाहता रस्ता. शेतकऱ्याला आपले शेत हवे असते आणि शेताजवळ आपला गोठा. कारागिराला गिऱ्हाईक हवे असते. सीमेवरच्या छावणीत, लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेखाली, संध्याकाळी दरवाजे बंद होणाऱ्या गावात बिऱ्हाड हलवावे असे त्यांना वाटेना. भोवतालची खेडी पूर्वीसारखीच आपल्या जागी राहिली. मधोमध ही भव्य आकृती, आणि तिच्यात शिबंदीचे शिपाई, कामावरचे मजूर आणि मोकळे भूखंड. पायाभरणीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १६२२ साली, व्हेनिसने अखेरचा उपाय केला: जे गुन्हेगार तिथे जाऊन राहतील त्यांना माफी जाहीर केली, आणि वर भूखंड व बांधकामाचे साहित्य फुकट देऊ केले. जगातील सर्वांत शहाण्या स्थापत्यज्ञांनी आखलेले आदर्श नगर भरण्यासाठी तुरुंगाचे दार उघडावे लागले.

हे ऐकून हसू येते. पण माझ्या मते या गावाचा मान राखण्यासारखा पहिला क्षण तोच आहे. कारण ज्यांना कुठेच जागा नव्हती अशांना इथे जागा मिळू लागली. शिपायांनी संसार थाटले, भटारखाने निघाले, लोहाराचा भाता पेटला, मुले जन्मली, बारशी झाली, माणसे मेली आणि तिथल्या मातीत पुरली गेली. पूर्वजांची हाडे ज्या मातीत आहेत तिला माणूस आपली म्हणू लागतो. आकृतीचे गाव होऊ लागले ते असे, हळूहळू आणि आराखड्याबाहेरून.

आमच्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ल्यासाठी जागा पाहताना पाणी आधी पाहावे, ही त्यातील व्यवहारी दृष्टी सर्वांना परिचित आहे. किल्ला म्हणजे आधी माणसांचे जगणे, मग तोफा. हे मर्म डोंगरात लढणाऱ्यांना अनुभवाने कळले होते. पाल्मानोवाच्या रचनाकारांनी पाण्याची सोय केली होती. पण माणूस कशासाठी येईल, हा प्रश्न मात्र त्यांनी शेवटी विचारला.

गावाच्या स्वभावाविषयी आणखी काही सांगतो. तिथे १७ व्या शतकात बांधलेले मुख्य चर्च चौकाच्या काठावर आहे. इटलीतील गावांमध्ये चर्चचा घंटाघराचा मनोरा सर्वांत उंच असावा, दुरून दिसावा, हा अभिमानाचा विषय. इथे मनोरा मुद्दाम ठेंगणा ठेवला आहे. तटाबाहेरच्या शत्रूला तो दिसू नये म्हणून. देवाच्या घरानेही तोफेच्या गणितापुढे मान लवविली. चौक मात्र अफाट आहे. हजारो शिपायांची कवाईत व्हावी एवढा. त्याच्या मध्यभागी निशाणाचा खांब आणि कडेने व्हेनिसच्या जुन्या अधिकाऱ्यांचे पुतळे. तीन दरवाजांची नावे आहेत उदिने, चिविदाले आणि आक्विलेया. ही तिन्ही शेजारच्या गावांची नावे आहेत. उदिने प्रदेशाची राजधानी, चिविदाले लाँगोबार्ड लोकांची जुनी नगरी, आणि आक्विलेया म्हणजे ४५२ साली अटिलाने उद्ध्वस्त केलेले एके काळचे थोर रोमन शहर. उदिने दरवाजात उचलत्या पुलाची मोठी लाकडी चाके अजून जपून ठेवली आहेत. तट शत्रूकडे पाहतो. दरवाजाचे नाव मात्र तिथून कोणत्या गावाला जाता येते ते सांगते. दरवाजांचा हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा. मी त्याकडे परत येणार आहे.

ज्या तुर्कांसाठी एवढा खटाटोप झाला ते कधी आलेच नाहीत. १६१५ ते १६१७ या काळात व्हेनिस आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध झाले, तेव्हा पाल्मानोवा हे व्हेनिसच्या सैन्याचे मुख्य ठाणे होते. पण समोरचे ग्रादिस्का काही परत मिळाले नाही. पुढे तोफांचा पल्ला वाढला, म्हणून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तटाबाहेर त्रिकोणी बुरुजांचे दुसरे कडे बांधले गेले. भीती जुनी झाली तरी तिची डागडुजी चालूच राहते.

मग आले १७९७ साल. नेपोलियन बोनापार्ट ऑस्ट्रियाच्या पाठीवर होता. व्हेनिसने आपण तटस्थ असल्याचे जाहीर केले होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये पाल्मानोवात आधी ऑस्ट्रियाचे सैन्य शिरले, आणि त्यांनी माघार घेताच फ्रेंच आत आले. दोनशे वर्षे ज्या तटांवर राज्याने पैसा ओतला होता, ते राखण्याची इच्छाच राज्यात उरली नव्हती. मे महिन्याच्या आरंभी बोनापार्टने व्हेनिसविरुद्ध युद्धाचा जाहीरनामा काढला, आणि तो काढला पाल्मानोवातून! १२ मे रोजी व्हेनिसच्या महासभेने स्वतःचे विसर्जन केले. हजार वर्षांहून अधिक काळ टिकलेले प्रजासत्ताक संपले, आणि त्याच्या मृत्यूचा हुकूम त्यानेच बांधलेल्या सर्वांत परिपूर्ण किल्ल्यात लिहिला गेला. शेवटचा दोज, म्हणजे राष्ट्रप्रमुख, लुदोविको मानिन हा फ्रिऊलीतल्याच घराण्याचा. तेथून जवळच पासारियानो येथे असलेल्या त्याच्या घराण्याच्या वाड्यात त्या शरद ऋतूत नेपोलियन उतरला, आणि ऑक्टोबरात काम्पो फोर्मिओच्या तहाने व्हेनिस ऑस्ट्रियाला देऊन टाकले.

श्रोतेहो, इतिहासाचा हा उपरोध मला फार बोलका वाटतो. तटाला भगदाड पडले नव्हते. खंदक शाबूत होता. नऊही बुरूज एकमेकांचे रक्षण करण्यास सज्ज होते. कमी पडले ते राखणाऱ्यांचे मन.

नंतरचा इतिहास झरझर सांगतो. १८०५ च्या अखेरीस झालेल्या तहाने गाव पुन्हा नेपोलियनकडे आले. त्याने तटबंदीचे तिसरे कडे बांधले आणि माऱ्याला मोकळे मैदान मिळावे म्हणून बाहेरची काही खेडी पाडली. १८१४ नंतर पुन्हा ऑस्ट्रिया. १८४८ च्या क्रांतिवर्षात मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. कार्लो झुक्की नावाचा वृद्ध सेनापती ऑस्ट्रियाचा राजबंदी म्हणून याच किल्ल्यात कैदेत होता. मार्चमध्ये उठाव झाला, नागरिकांनी त्याला सोडवले आणि त्यालाच किल्ल्याचा सेनानी केले. उघड्या तुरुंगातून वसलेल्या गावाला शोभेल असाच हा प्रसंग! ऑस्ट्रियाच्या वेढ्याला तोंड देत गावाने जूनच्या अखेरपर्यंत टिकाव धरला. किल्ला अखेर पडला. पण १७९७ साली शाबूत तटांतून जे झाले नाही ते या वेळी झाले, कारण आत राहणाऱ्यांना काही राखावेसे वाटत होते. १८६६ साली गाव इटलीच्या राष्ट्रात सामील झाले. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या ऑक्टोबरात कापोरेत्तोच्या पराभवानंतर माघार घेणाऱ्या इटालियन सैन्यानेच त्याला आग लावली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत तेथील एका बराकीत फॅसिस्ट आणि नाझी यांनी प्रतिकार चळवळीतील लोकांचा अमानुष छळ केला. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या भिंतींचा उपयोग आपल्याच माणसांचा आक्रोश आत कोंडण्यासाठी झाला. तटाची ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही.

१९६० साली हे गाव राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. २०१७ साली युनेस्कोने व्हेनिसच्या सहा तटबंद स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत इटलीतील बेर्गामो, पेस्किएरा आणि पाल्मानोवा, क्रोएशियातील झादार आणि शिबेनिक, आणि माँटेनेग्रोतील कोतोर यांचा समावेश आहे. एके काळी एका राज्याच्या सीमा राखणारी ठाणी आज तीन देशांचा सामाईक वारसा झाली आहेत. खंदकात आता गवत वाढते आणि बुरुजांवरून लोक फिरायला जातात.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती याहून साधी गोष्ट. ६ मे १९७६ रोजी फ्रिऊलीत भीषण भूकंप झाला. नऊशेहून अधिक माणसे दगावली. त्या आपत्तीतून धडा घेऊन त्या प्रदेशाने आपत्तिनिवारणाची आणि नागरी संरक्षणाची जी यंत्रणा उभी केली, तिचे मुख्य केंद्र आज पाल्मानोवात आहे. पूर आला, दरड कोसळली, वणवा पेटला, की मदत तिथून निघते. चारशे वर्षांपूर्वी 'रक्षण' या शब्दाचा अर्थ त्या गावात 'दुसऱ्याला आत येऊ न देणे' असा होता. आज तोच शब्द तिथे 'दुसऱ्याच्या मदतीला बाहेर पडणे' या अर्थाने वापरला जातो. गावाने शब्दाचा अर्थ बदलला, आणि माझ्या दृष्टीने त्या दिवशी ते खऱ्या अर्थाने वसले.

आता दरवाजांच्या मुद्द्याकडे येतो, आणि त्याबरोबर भाषेच्याही. फ्रिऊली हा सीमाप्रदेश आहे. तिथे इटालियनबरोबर फ्रिउलियन ही स्वतंत्र भाषा बोलली जाते. पूर्वेकडे स्लोव्हेन, उत्तरेकडच्या काही खोऱ्यांत जर्मन. पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून जगाला परिचित झालेला पासोलिनी याचा पहिला कवितासंग्रह १९४२ साली प्रसिद्ध झाला तो इटालियनमध्ये नव्हे, आपल्या आईच्या मुलखातील या फ्रिउलियन भाषेत. १९९९ साली इटलीने कायदा करून या भाषांना संरक्षण दिले. कायदा हवाच, मी त्याचे महत्त्व कमी लेखत नाही. पण पाल्मानोवाच्या शेजारी राहणाऱ्या त्या भाषा शतकानुशतके टिकल्या त्या नऊ बुरुजांमुळे नव्हे. त्या टिकल्या स्वयंपाकघरात, बाजारात, अंगाईगीतांत.

आपणही सीमेवरचीच माणसे आहोत. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोमंतकातील हिंदूंना आपल्या संस्था काढण्याची काहीशी मोकळीक मिळाली. त्यानंतरच्या काळात इथे गावोगावी मराठी वाचनालये निघाली. पुढे सालाझारच्या राजवटीत छापील शब्दावर पहारा बसला. त्या पहाऱ्यातही कोणी पुस्तके आणली, कोणी कपाटाची किल्ली सांभाळली, कोणी दिवाबत्ती केली. या संस्थेला कोणत्याही सिनेटने भूखंड आखून दिला नव्हता. ती आधी वसली आणि मग बांधली गेली. पाल्मानोवाच्या अगदी उलट असा तिचा क्रम आहे, आणि तेच तिचे भाग्य.

मात्र शताब्दीच्या या मुक्कामावर एक धोका मला दिसतो आणि तो बोलून दाखवणे हे कर्तव्य आहे. गेल्या काही दशकांत भाषेविषयी बोलताना आपण किल्ल्याची भाषा फार वापरू लागलो आहोत. बालेकिल्ला, आक्रमण, बुरूज ढासळणे, शेवटचा शिलेदार! मराठी आणि कोंकणी यांच्या वादात तर दोन्ही बाजूंनी कितीतरी खंदक खोदले गेले. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. मी एवढेच म्हणेन की, एका घरात आजी कोंकणीत बोलते, नातू तिला मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवतो आणि शाळेचा अभ्यास इंग्रजीत करतो. अशा घरांतून आपले वाचक आलेले आहेत. त्या घराला तट कुठून घालणार?

इमारत भक्कम आहे, कपाटे नवी आहेत, दाखलनोंद चोख आहे, आणि वाचनकक्षात दुपारच्या वेळी बसणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावीत अशी, ही स्थिती आज अनेक जुन्या वाचनालयांची आहे. हे पाल्मानोवाचे मोकळे भूखंड आहेत. ते भरायचे असतील तर येणाऱ्याची पात्रता तपासत बसून चालणार नाही. ज्याचे मराठी अडखळते त्यालाही आत घ्यावे लागेल. ज्याला केवळ स्पर्धा परीक्षेची पुस्तके हवी आहेत त्यालाही. व्हेनिसने नाइलाजाने जे केले ते आपण आनंदाने करावे. आणि आपल्या दरवाजांना शेजाऱ्यांची नावे द्यावीत. कोंकणी, कन्नड, पोर्तुगीज, इंग्रजी या भाषांतून मराठीत आलेल्या आणि मराठीतून तिकडे गेलेल्या ग्रंथांचे एक दालन या शताब्दीचे स्मारक म्हणून इथे उभे राहावे, अशी सूचना मी पदाधिकाऱ्यांपुढे नम्रपणे ठेवतो.

पाल्मानोवाचे रचनाकार थोर होते, त्यांचे गणित बिनचूक होते. तरीही त्यांच्या रचनेला गाव होण्यासाठी अनाम माणसांची वाट पाहावी लागली. आपल्या संस्थेला अशी माणसे शंभर वर्षांपूर्वीच मिळाली होती. पुढची शंभर वर्षे तशीच माणसे या उंबऱ्यातून आत येत राहोत, अशी प्रार्थना करतो.